विद्यापीठाच्या आवारातील फुलपाखरांचं सर्वेक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला की नवे विद्यार्थी, इतर विभागांतले सहकारी, कधी बागेची देखभाल करणारी मंडळी हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. उदाहरणं आपल्याकडच्या मोसमी हवामानातली आणि नेहमी दिसणाऱ्या फुलपाखरांची आहेत.

आमच्याकडे आवारातल्या फुलपाखरांची यादी आधीपासूनच आहे. मग सर्वेक्षण वेगळं कशाला?

यादीवरून एवढंच कळतं की हे फुलपाखरू इथे कधीतरी, कुणालातरी दिसलं होतं. ते किती होतं, कोणत्या महिन्यात होतं, आवाराच्या कोणत्या भागात होतं, आणि आता आहे की नाही, यातलं काहीही यादी सांगत नाही. यादीत एकदा नाव चढलं की ते सहसा खाली उतरत नाही. तलावाकाठचं गवताळ रान बुजवून तिथे वाहनतळ झाला तरी त्या रानातली फुलपाखरं यादीत तशीच राहतात.

सर्वेक्षणात ठरलेल्या वाटेवर, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या नियमाने चालून दिसलेलं प्रत्येक फुलपाखरू मोजायचं असतं. आणि तेच पुन्हा पुन्हा करायचं असतं. पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणी तेच केलं तर दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी ठेवता आले पाहिजेत. खालची जवळजवळ सगळी उत्तरं या एका गोष्टीसाठी आहेत.

फुलपाखरंच का? पक्षी किंवा झाडं का नाहीत?

ती जरूर मोजा. फुलपाखरांचा फायदा असा की ती दिवसा दिसतात, बहुतेक जागच्या जागी ओळखता येतात आणि एका वर्षात त्यांच्या अनेक पिढ्या होतात. त्यामुळे जागेतला बदल त्यांच्या संख्येत लवकर उमटतो. शिवाय बहुतेक अळ्या ठरावीक वनस्पतींवरच वाढतात. म्हणून फुलपाखरांची नोंद ही त्या वनस्पतींचीही अप्रत्यक्ष नोंद ठरते.

परवानगी लागते का?

फक्त बघणार, मोजणार आणि फोटो काढणार असाल तर विद्यापीठ प्रशासनाचं लेखी पत्र पुरतं. कुलसचिव कार्यालय, मालमत्ता विभाग आणि सुरक्षा विभाग या तिघांनाही ते पत्र आधी द्या. वसतिगृहांच्या मागच्या बाजूला फुलपाखरं चांगली असतात. पण कॅमेरा घेऊन तिथे फिरणाऱ्याबद्दल तक्रार होणं स्वाभाविक आहे, आणि ती तक्रार योग्यही आहे. त्या वाटेवर जाण्याआधी वसतिगृह प्रमुखांना सांगा, ओळखपत्र गळ्यात ठेवा आणि कॅमेरा खिडक्यांच्या दिशेने धरू नका.

पकडणार असाल किंवा नमुने गोळा करणार असाल तर प्रश्न कायद्याचा होतो. त्याचं उत्तर जाळ्याच्या प्रश्नात दिलं आहे.

किती प्रजाती मिळायला हव्यात?

असा आकडा आधी ठरवूच नका. भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक प्रजाती आहेत, पण एका आवारात किती सापडतील हे पाऊस, उंची, जवळचं जंगल, आवाराचं वय आणि तुम्ही किती वेळा चाललात यांवर ठरतं. 'शंभर प्रजाती झाल्याच पाहिजेत' असं उद्दिष्ट ठेवलं की लोक दुर्मीळ फुलपाखरामागे धावतात आणि समोरचे वीस कॉमन ग्रास यलो मोजायचे राहून जातात. आमच्या दृष्टीने ते वीस जास्त मोलाचे आहेत.

वाटा कशा आखायच्या?

या कामाची जगभर मानलेली पद्धत 'पोलार्ड वॉक' म्हणून ओळखली जाते. अर्नेस्ट पोलार्ड या संशोधकाने १९७०च्या दशकात इंग्लंडमध्ये ती बसवली, आणि १९७६ पासून ब्रिटनमध्ये फुलपाखरांची देशव्यापी गणना तिच्यावरच चालते. ठरलेल्या वाटेवरून एका संथ लयीत चालायचं. दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर, पुढे पाच मीटर आणि वर पाच मीटर अशी एक काल्पनिक चौकट कल्पायची. तिच्या आत दिसेल तेवढंच मोजायचं. चौकटीबाहेर कितीही सुंदर फुलपाखरू दिसलं तरी ते मुख्य आकड्यात धरायचं नाही. त्याची नोंद 'वाटेबाहेर' या वेगळ्या रकान्यात करायची.

वाट साधारण पाचशे मीटरची असावी आणि ती चालायला अर्धा तास लागावा. यापेक्षा लांब वाट असली की शेवटच्या टप्प्यात नजर थकते. वाटेचे पन्नास किंवा शंभर मीटरचे भाग पाडा आणि प्रत्येक भागाचे आकडे वेगळे लिहा. पुढे एखाद्या भागात बांधकाम झालं किंवा झाडं लावली, तर नेमका तेवढाच भाग वेगळा काढून पाहता येतो.

सगळ्यात जास्त काळजी वाटा निवडताना घ्यावी लागते. फुलबाग, रोपवाटिका, तलावाचा काठ या जागा सगळे घेतात. पण फक्त तिथेच चाललात तर तुमचा आकडा तुमच्या आवडत्या कोपऱ्यांपुरता राहतो, संपूर्ण आवाराविषयी काही सांगत नाही. आधी आवाराचा नकाशा घ्या आणि त्याची विभागणी करा: इमारतींचा गजबजलेला भाग, कापलेली हिरवळ, झाडांच्या रांगा असलेले रस्ते, मोकळं गवताळ रान, झुडपी भाग, पाणथळ जागा. प्रत्येक प्रकारातून किमान एक वाट, जमल्यास दोन. क्रीडांगणाच्या कडेची रूक्ष वाट चालायला कुणी उत्सुक नसतं, पण तिथेच कुंपणालगत एकदांडी फुललेली असते आणि लायकेनिडी कुळातली इवली निळी फुलपाखरं तिच्यावर असतात. शिवाय ज्या जागी फारसं काही मिळत नाही, त्या जागेचे आकडे हाताशी असले तरच बाकीच्या जागांची किंमत कळते.

वाटेची सुरुवात, वळणं आणि शेवट यांचे जीपीएस बिंदू घ्या. शिवाय कायम राहील अशा खुणेचं वर्णनही लिहा: पाण्याची टाकी, विजेचा खांब, जुना वड.

कोणत्या ऋतूत आणि किती वाजता?

निदान एक पूर्ण वर्ष चाला, दर पंधरवड्याला एकदा. ते झेपत नसेल तर महिन्यातून एकदा, पण एकही महिना न चुकवता. मोसमी पावसाच्या प्रदेशात ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत फुलपाखरांचा बहर असतो, आणि परीक्षा व दिवाळीची सुट्टी नेमकी याच काळात येते. चालण्याचं वेळापत्रक शैक्षणिक वेळापत्रकाच्या आधी ठरवा. एप्रिल-मे महिन्यांतले कोरडे आकडेही लागतात. उन्हाळ्यात कोणत्या सावलीच्या, ओलाव्याच्या जागी फुलपाखरं टिकून राहतात ते त्याच महिन्यांत कळतं.

वेळ सकाळी साधारण साडेआठ ते साडेअकरा. फुलपाखरांच्या शरीराचं तापमान बाहेरच्या उष्णतेवर अवलंबून असतं. सकाळी लवकर ती पंख उघडून ऊन खात बसतात आणि पुरेशी ऊब मिळाल्यावर उडतात. कडक उन्हाळ्यात दुपारी बरीच फुलपाखरं सावलीला जातात. पाऊस पडत असेल, किंवा लहान फांद्या सतत हलतील असा वारा असेल तर त्या दिवशी चालू नका, दुसरा दिवस घ्या. ढगाळ पण कोरडा दिवस चालतो, फक्त ढग किती होते ते लिहा.

एक अपवाद आहे. कॉमन इव्हनिंग ब्राउन नावाप्रमाणे संध्याकाळी हिंडतं आणि दिवसा पालापाचोळ्यात बसून राहतं. त्याच्यासाठी संध्याकाळची एखादी फेरी वेगळी ठेवली तर चांगलंच, पण तिचे आकडे सकाळच्या आकड्यांत मिसळू नका.

चालताना नेमकं काय लिहायचं?

कागदावर वरच्या भागात: तारीख, वाटेचा क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटची वेळ, तापमान, ढग, वारा, निरीक्षकाचं आणि नोंद घेणाऱ्याचं नाव. खाली प्रत्येक भागासाठी: प्रजाती, संख्या, काय करत होतं (उडत, मकरंद पीत, ऊन खात, अंडी घालत, चिखलपान करत), आणि वनस्पतीवर असेल तर वनस्पतीचं नाव.

दोघांनी चालावं. एकाने पाहावं आणि मोठ्याने सांगावं, दुसऱ्याने लिहावं. एकच माणूस पाहणं आणि लिहिणं दोन्ही करू लागला की मान कागदात जाते, आणि त्या दोन सेकंदांत एखादं स्किपर, म्हणजे झटक्यात उडणारं जाड धडाचं फुलपाखरू, निघून गेलेलं असतं.

तेच फुलपाखरू दोनदा मोजलं जाईल का? थोडंफार जाईल. नियम असा: पुढून चौकटीत आलेलं मोजा, मागून येऊन तुम्हाला ओलांडून पुढे गेलेलं मोजू नका. तुमच्यासोबतच पुढे पुढे सरकणारं लेमन पॅन्सी एकदाच धरा. शंका असेल तर एकच आकडा लिहा. चूक होणारच असेल तर ती दर वेळी एकाच प्रकारची होऊ द्या, कारण वर्षांची तुलना त्यावर टिकते.

एखाद्या भागात काहीच दिसलं नाही तर तिथे शून्य लिहा, रकाना मोकळा सोडू नका. मोकळ्या रकान्यावरून तिथे काही दिसलं नाही की तिथे कुणी गेलंच नाही, हे पाच वर्षांनी कुणालाही सांगता येत नाही.

जाळं वापरू का?

विद्यार्थ्यांच्या सर्वेक्षणात नको, असं आमचं स्पष्ट मत आहे. जाळ्यात पंखावरचे खवले निघतात, नाजूक लायकेनिडींचे पंख फाटतात, आणि ओळखीसाठी लागणारी खूण बहुतेक वेळा फोटोत मिळते.

कायद्याचा भागही आहेच. फुलपाखरांच्या अनेक प्रजातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यातल्या सगळ्याच काही घनदाट जंगलातल्या दुर्मीळ प्रजाती नाहीत. घोळीवर अंडी घालणारं, बागेच्या वाफ्यातही दिसणारं डॅनाइड एगफ्लाय वर्षानुवर्षं या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत होतं. २०२२च्या दुरुस्तीने अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, तेव्हा नावं जुन्या यादीवरून नव्हे, नव्या अनुसूचींतून तपासा. संशोधनासाठी नमुने घ्यायचेच असतील तर वनविभागाची रीतसर परवानगी आधी, जाळं नंतर.

सगळी पिवळी फुलपाखरं सारखी दिसतात, सगळी निळीही सारखीच. कशी ओळखायची?

हा प्रश्न सगळ्यांना पडतो, म्हणून जरा सविस्तर.

सुरुवात कुळापासून करा. भारतात फुलपाखरांची सहा कुळं आहेत. पॅपिलिओनिडी मोठी, पुष्कळदा मागच्या पंखाला शेपूट असलेली. पिअरिडी पांढरी-पिवळी. निम्फॅलिडी चार पायांवर उभी राहणारी, कारण पुढचे दोन पाय आखडून छातीशी घेतलेले असतात. लायकेनिडी लहान, बरीचशी निळसर. रिओडिनिडी कुळातली फुलपाखरं आपल्याकडे मोजकीच. आणि हेस्पेरिडी, म्हणजे स्किपर: जाड धड, झटक्यात उडणं आणि टोकाशी आकड्यासारख्या वळलेल्या मिशा. कुळ नक्की झालं की पुस्तकाची पाच-सहाशे पानं चाळायची गरज राहत नाही.

मग पिवळी. कॉमन ग्रास यलो आणि थ्री-स्पॉट ग्रास यलो यांत फरक करायचा तर पंख मिटलेले असताना पुढच्या पंखाची खालची बाजू बघा. पंखाच्या बुडाशी शिरांनी वेढलेला जो बंद भाग असतो त्याला सेल म्हणतात. कॉमनच्या सेलमध्ये सहसा दोन ठिपके असतात, थ्री-स्पॉटच्या तीन. उडताना हे दिसत नाही. त्यामुळे उडत गेलेलं 'ग्रास यलो, प्रजाती अनिश्चित' असं लिहा.

निळी आणखी अवघड. गवतात जमिनीलगत उडणारे पेल, डार्क, लेसर आणि टायनी असे चार ग्रास ब्लू एकाच हिरवळीवर असू शकतात. इथेही खालची बाजू बघायची. लेसर ग्रास ब्लूच्या पुढच्या पंखाच्या सेलमध्ये ठिपका नसतो, पेल आणि डार्कमध्ये असतो. मागच्या पंखावरच्या ठिपक्यांची रांग कुठे तुटते हेही पाहायचं. डोळ्यांनी हे जमत नाही, गुडघ्यावर बसून फोटो घ्यावा लागतो. फुलपाखरू पंख मिटून बसलं की मोबाइल पंखाला समांतर धरा, अगदी बाजूने. वरून घेतलेल्या फोटोत फक्त पंखाची कड येते आणि तो फोटो वाया जातो.

'अनिश्चित' लिहायला संकोच करू नका. कुळापर्यंत किंवा गटापर्यंतची खरी नोंद खोट्या प्रजातीपेक्षा हजार पटीने कामाची आहे. तज्ज्ञांच्या नोंदवह्यांतही असे रकाने असतात.

एकाच प्रजातीचे नर-मादी किंवा ऋतूनुसार वेगळे दिसणारे कसे धरायचे?

प्रजाती एकच, पण रूप वेगळं लिहा. कॉमन मॉरमॉनची मादी तीन रूपांत असते. एक नरासारखीच, दुसरी कॉमन रोझची नक्कल करणारी, तिसरी क्रिमझन रोझची. रोझ फुलपाखरांच्या अळ्या सापसंदासारख्या विषारी वेलींवर वाढतात, त्यामुळे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि बिनविषारी मॉरमॉन मादीला त्या वेषाचा फायदा मिळतो. फरक पोटाच्या रंगात: रोझचं पोट लाल, मॉरमॉन मादीचं काळं. तसंच डॅनाइड एगफ्लायची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते, नर मात्र काळा आणि त्यावर पांढरे मोठे डाग. नवख्या चमूच्या यादीत ही मादी पुष्कळदा प्लेन टायगर म्हणून जाते.

इव्हनिंग ब्राउनचं पावसाळी रूप ठळक डोळ्यांसारख्या ठिपक्यांचं, कोरड्या ऋतूतलं रूप वाळक्या पानासारखं. या दोन रूपांच्या तारखा दर वर्षी लिहिल्या तर पावसाचं वेळापत्रक सरकतंय का, तेही हळूहळू दिसू लागतं.

अळ्या आणि अंडी मोजायची का?

मुख्य आकड्यात नको, पण वेगळ्या पानावर नक्की. प्रौढ फुलपाखरू कुठूनही उडत येऊ शकतं, अळी मात्र इथलीच असते. प्रजाती आवारात प्रजनन करते याचा हा सगळ्यात भक्कम पुरावा, आणि आमच्या मते सर्वेक्षणातला सगळ्यात दुर्लक्षित भाग.

कुठे बघायचं? रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, एरंडावर कॉमन कॅस्टर, बहाव्यावर कॉमन एमिग्रंट, टाकळ्यावर मॉटल्ड एमिग्रंट. रस्त्याकडेच्या उंच, सरळसोट खोट्या अशोकांवर टेल्ड जे. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी, तीही मधल्या शिरेवर अशी नेमकी आडवी झालेली की हिरव्या पानावरची पिवळसर रेघ आणि तिच्या पाठीवरची रेघ एक होते. झाडांवरच्या बांडगुळावर कॉमन जेझबेल, म्हणून सगळी बांडगुळं सरसकट छाटू नका असं बागेच्या विभागाला सांगायला लागतं.

लिंबू किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली तर पुन्हा नीट बघा. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉनची लहान अळी अगदी तशीच दिसते: काळपट तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, ओलसर चकाकी. शेवटची कात टाकल्यावर ती एकदम हिरवी होते. तिला हलकासा धक्का लागला तर डोक्यामागून दुभंगलेलं लालसर-नारिंगी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. हे एकदा पाहिलं की बघणारा माणूस पुढे प्रत्येक लिंबाच्या झाडापाशी थांबतो. पानफुटीचं जाड पान उजेडाकडे धरून बघा. रेड पिएरोची अळी पानाच्या दोन पृष्ठांच्या मध्ये शिरून आतला गर खात असते आणि तिने पोखरलेला भाग उजेडात पारदर्शक दिसतो.

एपफ्लाय नावाचं लहानसं फुलपाखरू आणखी वेगळं आहे. त्याची अळी पानं खातच नाही, ती पिठ्या ढेकूण खाते. बागेत औषध फवारलं की ढेकणांबरोबर तीही जाते.

कॅमेरा कोणता घ्यायचा?

हातात आहे तो मोबाइल. पैसे खर्च करायचेच असतील तर दोन मीटरवरचंही स्पष्ट दिसेल अशी ८×४२ची दुर्बीण घ्या. कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

चिखलावर आणि सडक्या फळांवर बसलेली फुलपाखरं धरायची का?

वाटेच्या चौकटीत असतील तर होय. ओल्या मातीवर जमणारे बहुतेक नर असतात, ते तिथून सोडियमसारखे क्षार शोषतात. सडक्या फळांचं आमिष ठेवून बॅरन, इव्हनिंग ब्राउन, नवाब अशी फुलांकडे क्वचित येणारी फुलपाखरं बघता येतात. पण आमिषावरचे आकडे वेगळ्या तक्त्यात ठेवा. आमिष असलेली आणि नसलेली वाट यांची बरोबरी होत नाही.

फोटो आयनॅचरलिस्टवर टाकले तर ते पुरेसं नाही का?

टाकाच. आयनॅचरलिस्ट हे निसर्गातल्या नोंदी टाकण्याचं संकेतस्थळ आहे. तिथे ओळख तपासून मिळते, तारीख आणि जागेसह पुरावा कायम राहतो. 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' हे संकेतस्थळ भारतीय प्रजातींच्या ओळखीसाठी फार उपयोगी आहे. सप्टेंबर महिन्यात देशभर 'बिग बटरफ्लाय मंथ' साजरा होतो, त्यात भाग घेतला की नव्या विद्यार्थ्यांचा उत्साहही वाढतो.

पण लोक फोटो कशाचा टाकतात? देखण्या आणि दुर्मीळ फुलपाखराचा. तिसऱ्यांदा दिसलेल्या कॉमन क्रोचा फोटो कुणी काढत नाही. त्यामुळे अशा नोंदींवरून प्रजाती कळतात, संख्या कळत नाही. दोन्ही कामं चालू द्या, फक्त त्यांचे तक्ते एकत्र करू नका.

शॅनन निर्देशांक काढलाच पाहिजे का? त्यातून काय कळतं?

हा विविधतेचा आकडा आहे: प्रजाती किती आणि त्यांची संख्या किती समसमान, हे तो एकत्र सांगतो. प्रबंधात तो असतोच, पण त्याचा अर्थ लिहिलेला क्वचित दिसतो. एक कल्पित उदाहरण घेऊ. दोन वाटा आहेत, दोन्हींवर १०० फुलपाखरं आणि १० प्रजाती. पहिल्या वाटेवर प्रत्येक प्रजातीची दहा-दहा. दुसरीवर ९१ एकट्या कॉमन एमिग्रंटची आणि उरलेल्या नऊ प्रजातींचं प्रत्येकी एक. प्रजातींची संख्या सारखीच, पण शॅनन निर्देशांक पहिल्या वाटेचा २.३० येतो, दुसरीचा सुमारे ०.५०.

०.५० हा आकडा ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. म्हणून तो e (सुमारे २.७१८) या संख्येच्या घातांकात बसवा: पहिल्या वाटेला १० मिळतात, दुसरीला सुमारे १.६५. म्हणजे दुसऱ्या वाटेवरची विविधता समसमान संख्येच्या दोन प्रजातींपेक्षाही कमी आहे. याला प्रभावी प्रजातिसंख्या म्हणतात, आणि प्रशासनापुढे मांडायला हाच आकडा चांगला. सिम्पसन निर्देशांक हा विविधतेचाच दुसरा आकडा, तो संख्येने जास्त असलेल्या प्रजातींना आणखी वजन देतो. दोन्ही द्यायला हरकत नाही, पण सात-आठ निर्देशांकांचा तक्ता भरून काही साधत नाही.

किती फेऱ्या झाल्या की पुरेशा?

आलेख काढा. आडव्या अक्षावर फेऱ्या, उभ्या अक्षावर तोपर्यंत मिळालेल्या एकूण प्रजाती. रेघ वरच चढत असेल तर काम अपुरं आहे, सपाट होऊ लागली तर बरंचसं झालं.

अजून किती राहिल्या असतील याचा अंदाज 'चाओ-१' या सोप्या सूत्राने येतो. फक्त एकदाच दिसलेल्या प्रजातींच्या संख्येचा वर्ग करा, त्याला फक्त दोनदा दिसलेल्या प्रजातींच्या दुपटीने भागा आणि उत्तर मिळालेल्या प्रजातींत मिळवा. समजा ४८ प्रजाती मिळाल्या, त्यातल्या १० एकेकदाच आणि ५ दोन-दोनदा दिसल्या. तर १०० भागिले १०, म्हणजे १०. किमान ५८ प्रजाती असाव्यात असा अंदाज. हा आकडा अहवालात मिळालेल्या प्रजातींच्या शेजारी लिहा, त्यांच्या जागी लिहू नका.

शेजारच्या विद्यापीठात जास्त प्रजाती आहेत. आमचं आवार वाईट आहे का?

त्यांनी किती तास घातले, किती वर्षं, किती जणांनी? हे कळल्याशिवाय तुलनेला अर्थ नाही. स्वतःच्या आवाराची स्वतःच्याच मागच्या वर्षाशी तुलना करा.

निष्कर्षांचा आवारासाठी काय उपयोग?

बहुतेक विद्यापीठांना सर्वेक्षणानंतर 'फुलपाखरू उद्यान' करावंसं वाटतं. फुलझाडांचे वाफे, एक फलक, उद्घाटन. त्याला विरोध नाही, पण नुसत्या मकरंदाच्या फुलांनी फुलपाखरं वाढत नाहीत. अळीला तिचं पान मिळालं तर वाढतात. आणि ते पान बहुतेक वेळा 'तण' म्हणून उपटलं जात असतं. रुई, टाकळा, घोळ, चिकणा, खुळखुळा: ही नावं तुमच्या अळ्यांच्या नोंदींवरून घ्या आणि बागेच्या विभागाला छायाचित्रांसह द्या. खुळखुळ्याच्या सुकलेल्या भागांवर तर ब्लू टायगर आणि क्रो थव्याने जमतात, कारण नरांना गंधद्रव्यासाठी लागणारी अल्कलॉइड नावाची रसायनं त्यांना तिथून मिळतात.

सगळ्यात मोठा फरक गवत कापण्याने पडतो. ऑक्टोबरच्या आसपास, पाहुणे येणार म्हणून किंवा समारंभ आहे म्हणून संपूर्ण आवार एका आठवड्यात कापलं जातं, आणि गवतावरची अंडी, अळ्या, कोष सगळं एकदम जातं. गवत अजिबात कापू नका असं कुणी ऐकणार नाही. साप-विंचवांची भीतीही खरी आहे. म्हणून मागणी नेमकी करा: इमारतीलगत आणि वाटांच्या कडेला नेहमीप्रमाणे कापा, मोकळ्या रानाचे तीन तुकडे करा, एका वेळी एकच तुकडा कापा आणि दोन कापण्यांमध्ये किमान सहा आठवड्यांचं अंतर ठेवा. आपल्या भागवार आकड्यांचा आलेख सोबत लावा. प्रशासनाला विनंतीपेक्षा असा कागद हाताळायला सोपा जातो.

घाणेरीचं काय, हेही विचारलं जातं. तिच्या फुलांवर फुलपाखरं खूप येतात हे खरं, आणि ती स्थानिक झुडपांना वाढू देत नाही हेही खरं. एका फटक्यात उपटू नका. आधी शेजारी स्थानिक झुडपं रुजवा, मग टप्प्याटप्प्याने काढा.

काम करणारी बॅच पास होऊन गेली की सर्वेक्षण बंद पडतं. यावर काही उपाय?

आकड्यांची मालिका तुटते ती बहुतेक इथेच. नोंदी कुणाच्यातरी लॅपटॉपवर, वाटा कुणाच्यातरी डोक्यात, आणि तो माणूस दुसऱ्या शहरात नोकरीला.

पहिला उपाय: दर वर्षी नव्या आणि जुन्या चमूने किमान तीन महिने एकाच वाटेवर सोबत चालायचं, आणि दोघांनी वेगवेगळी नोंद घ्यायची. फेरी संपल्यावर कागद शेजारी ठेवले की नव्याला नेमकं काय दिसत नाही ते कळतं. पहिल्या महिन्यात बहुधा स्किपर आणि ग्रास ब्लू सुटतात. दुसरा: पद्धतीचं चार पानी टिपण करा आणि त्यात बदल केला तर तारीख घालून लिहा. 'वाट क्रमांक ३, नवीन रस्त्यामुळे शेवटचे शंभर मीटर बदलले' ही ओळ नसेल तर त्या वाटेचे पुढचे सगळे आकडे संशयास्पद होतात. तिसरा: मूळ कागद फेकू नका. ते स्कॅन करून विभागाच्या सामायिक खात्यात ठेवा, कुणा एकाच्या ईमेलवर नको, आणि वर्षातून एकदा त्यांची प्रत ग्रंथालयात जमा करा.

आणि जबाबदारी कायमस्वरूपी पदावरच्या कुणाकडे तरी द्या, मग तो प्राध्यापक असो, प्रयोगशाळा सहायक असो किंवा बागेचा पर्यवेक्षक. बागेत रोज काम करणाऱ्या माणसाला रुईवर अळ्या कधी येतात हे बऱ्याचदा आपल्याआधी कळलेलं असतं. त्याला चमूत घ्या आणि अहवालावर त्याचं नाव लिहा.